२००१च्या ड्राफ्टमधील हॉज आणि जड : पहिला क्रमांक योग्य होता का?

मेलबर्नकर (धागाकर्ता)

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये एकाच ड्राफ्टमधून (क्लब क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीतून) आलेल्या मुलांची तुलना फार लवकर केली जाते, असे माझे मत आहे. २०१८च्या तुकडीचेच पाहा. कार्लटनने पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या सॅम वॉल्शने २०१९मध्ये सर्वोत्तम तरुण खेळाडूचा रायझिंग स्टार पुरस्कार मिळवला, तेव्हा वाद मिटला असे मलाही वाटले होते. परंतु पोर्ट ॲडलेडने पाचव्या क्रमांकावर घेतलेला कॉनर रोझी २०२४मध्ये त्या क्लबचा कर्णधार झाला, बाराव्या क्रमांकाचा झॅक बटर्सही त्याच्या जोडीला उभा राहिला, आणि तो वाद पुन्हा सुरू झाला. म्हणून ज्या तुकडीचा हिशेब पूर्ण झाला आहे, त्या २००१च्या ड्राफ्टवर येथे चर्चा व्हावी असे वाटते.

त्या वर्षी हॉथॉर्नने पहिला ल्यूक हॉज घेतला, सेंट किल्डाने दुसरा ल्यूक बॉल आणि वेस्ट कोस्टने तिसरा ख्रिस जड. तिसऱ्याच मोसमात, म्हणजे २००४मध्ये, एकविसाव्या वर्षी जडने मोसमातील सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक जिंकले. हॉथॉर्न त्या वर्षी सोळा संघांत पंधरावा होता. त्या क्षणी कोणालाही विचारले असते, तर हॉथॉर्नने घोडचूक केली असेच उत्तर मिळाले असते. तरीही हॉथॉर्नची निवड योग्य होती असे माझे ठाम मत आहे. हॉजने चार प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदे, जिंकल्या (२००८, २०१३, २०१४, २०१५), त्यांतील शेवटच्या तीन कर्णधार म्हणून, आणि ग्रँड फायनलमधील, म्हणजे अंतिम सामन्यातील, सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे नॉर्म स्मिथ पदक दोनदा मिळवले. तो जून १९८४चा आणि जड सप्टेंबर १९८३चा. सतरा-अठराव्या वर्षी नऊ महिन्यांचे हे अंतर शरीराच्या भरणीत स्पष्ट दिसते. मात्र तुलना करताना ते कोणी लक्षात घेत नाही.

पर्थवासी

आपल्या मताचा आदर ठेवून सांगतो, मी पूर्णपणे असहमत आहे. प्रीमियरशिप संपूर्ण संघ जिंकतो. ती एका खेळाडूच्या खात्यावर जमा करून तुलना करणे हा हिशेबच चुकीचा आहे. जड पर्थच्या सुबियाको ओव्हलवर मधल्या बाउन्सनंतर (पंच चेंडू आपटून खेळ सुरू करतो त्यानंतर) चेंडू हातात घेऊन चार पावलांत दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मधून निघून जायचा आणि त्याच्यामागे धावणारा माणूस धावणे सोडून द्यायचा, हे मी स्टँडमध्ये बसून पाहिले आहे. २००५ची ग्रँड फायनल वेस्ट कोस्टने सिडनीविरुद्ध चार गुणांनी गमावली, तरी नॉर्म स्मिथ पदक पराभूत संघातील जडला द्यावे लागले. पुढच्याच वर्षी तेविसाव्या वर्षी कर्णधार म्हणून त्याने सिडनीला एका गुणाने, ८५-८४ असे, हरवून प्रीमियरशिप जिंकली. नंतर कार्लटनकडून खेळताना २०१०मध्ये दुसरे ब्राउनलो मिळवले. हॉजच्या नावावर एकही ब्राउनलो नाही. ड्राफ्टमध्ये क्लब खेळाडू निवडतो, भविष्यातला संघ निवडत नाही. म्हणून पहिल्या क्रमांकावर सर्वांत चांगला खेळाडूच घेतला पाहिजे, आणि तो जड होता.

मेलबर्नकर

ब्राउनलोचा मुद्दा तपासून घेऊ या. प्रत्येक साखळी सामन्यानंतर पंच तीन, दोन आणि एक अशी मते देतात, आणि फायनल्सचे (साखळीनंतरचे) सामने त्यात धरलेच जात नाहीत. पंचांच्या डोळ्यांसमोर सतत असतो तो मिडफिल्डर, त्यामुळे बचावफळीत खेळणाऱ्याला ही मते क्वचितच पडतात. हॉजच्या कारकिर्दीतील बराचसा उत्तम खेळ हाफबॅकवरून, म्हणजे बचावफळीतून, झाला आहे.

२००८ची ग्रँड फायनल आठवा. संपूर्ण साखळीत एकच सामना हरलेला जिलाँग समोर होता. बरगड्यांच्या दुखापतीसह हॉज मागे उभा राहिला, चेंडू आला की डाव्या पायाने पुढच्याच्या छातीवर नेमका द्यायचा आणि उरलेल्यांना हाताने जागा दाखवायचा. जिलाँगचे गोल ११ आणि बिहाइंड (एका गुणाचे) २३! गोलाचे सहा गुण जाण्यापेक्षा चेंडू स्वतःच रेषेपार नेऊन एक गुण द्यावा, हा मार्ग हॉथॉर्नच्या बचावफळीने त्या दिवशी ११ वेळा वापरला, आणि त्यामुळे २००९पासून जाणूनबुजून असे करण्यावर नियम आणावा लागला. हे बचावफळीचे सामूहिक काम होते हे मान्य, परंतु त्या फळीतील विचार करणारा माणूस कोण, हे सामना पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

जिलाँगप्रेमी

आपण दोघेही पहिल्या तीन क्रमांकांभोवतीच फिरत आहात, आणि माझ्या मते तीच मूळ चूक आहे. या तुकडीतील सर्वश्रेष्ठ खेळाडू हॉजही नाही आणि जडही नाही. तो गॅरी ॲब्लेट आहे, जो ‘फादर-सन’ नियमाखाली (माजी खेळाडूच्या मुलाला वडिलांच्या क्लबने घेण्याच्या नियमाखाली) चाळिसाव्या क्रमांकावर जिलाँगला मिळाला. दोन ब्राउनलो, दोन प्रीमियरशिप, साडेतीनशेहून अधिक सामने. पर्थवासींचा निकष लावा किंवा धागाकर्त्यांचा, दोन्हींत तो उत्तीर्ण होतो.

२००९ ते २०१३ या पाच वर्षांतील ब्राउनलो विजेते पाहा : ॲब्लेट, जड, डेन स्वान, सॅम मिचेल (२०१२चे पदक मूळ विजेत्याकडून काढून घेतल्यावर ते मिचेलला आणि ट्रेंट कोचिनला देण्यात आले) आणि पुन्हा ॲब्लेट. पाचही वर्षे ही एकच तुकडी! त्यांत स्वान ५८वा होता आणि मिचेल ३६वा. २००७चा विजेता जिमी बार्टेल याच तुकडीतील आठव्या क्रमांकाचा. सतराव्या वर्षी केलेले मोजमाप किती तोकडे पडते, याचा याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

मेलबर्नकर

ॲब्लेटबद्दल वाद नाही. तथापि त्या वेळच्या नियमानुसार तो इतर क्लबांना उपलब्धच नव्हता, त्यामुळे तो पहिल्या क्रमांकाचा पर्याय ठरत नाही. मिचेलचा उल्लेख मात्र माझ्याच बाजूचा आहे. पहिला क्रमांक मुळात फ्रीमँटलचा होता. ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन यांच्या बदल्यात त्यांनी १, २० आणि ३६ हे तीन क्रमांक हॉथॉर्नला दिले. पहिल्यावर हॉज आला आणि छत्तिसाव्यावर मिचेल, जो २००८च्या विजेत्या संघाचा कर्णधार होता. क्रोडसुद्धा दोन मोसमांनी हॉथॉर्नला परतला आणि त्याच फायनलमध्ये खेळला.

पर्थवासी

हा व्यवहार हॉथॉर्नसाठी अप्रतिम होता, हे मी पर्थमध्ये राहूनही मान्य करतो. फ्रीमँटलच्या वाट्याला मॅकफार्लिनसारखा उत्कृष्ट बचावपटू आला, एवढेच समाधान. पण त्याने माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. पहिल्या क्रमांकावर जडला घेतले असते तरी छत्तिसाव्यावर मिचेल आलाच असता. जड आणि मिचेल एकाच मिडफिल्डमध्ये, ही कल्पना आपण करून पाहावी.

जिलाँगप्रेमी

मग दुसऱ्या क्रमांकाच्या बॉलला दोघांनीही का विसरावे? जड आणि तो सँडरिंगहॅम ड्रॅगन्स या युवा संघातले सोबती. २००९च्या अखेरीस त्याने सेंट किल्डा सोडले, कॉलिंगवुडने त्याला पुन्हा ड्राफ्टमधूनच तिसाव्या क्रमांकावर घेतले, आणि २०१०ची बरोबरीत सुटलेली ग्रँड फायनल आठवड्याने पुन्हा खेळवली गेली तेव्हा तो सेंट किल्डाविरुद्धच जिंकला. २२३ सामन्यांची ही कारकीर्द हॉज आणि जड यांच्या शेजारी ठेवल्यामुळेच केवळ ‘अपयशी’ म्हटली जाते, आणि हा त्या मुलावर अन्याय आहे.

मेलबर्नकर

बॉलबद्दल पूर्ण सहमत. पर्थवासी, जड-मिचेल जोडीची कल्पना मी प्रामाणिकपणे करून पाहिली. २००८मध्ये कदाचित तीही जिंकली असती. परंतु जड २००७नंतर घरी, मेलबर्नला परतण्यासाठी वेस्ट कोस्ट सोडून गेला, आणि २०१५मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने त्याची कारकीर्द २७९ सामन्यांवर संपली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॉजने कर्णधार म्हणून सलग तिसरा चषक उचलला, तो आपल्याच वेस्ट कोस्टला हरवून.