रॉन बरासीची 10 विजेतेपदं: कॅप्टन-कोच म्हणून नेमकी किती?

संत्रानगरी_क्विझ: धरमपेठेतल्या क्विझमध्ये ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा राउंड ठेवतो आहे. त्यातला खेळाडू अन् कोच बरासी 1965 मध्ये कॅप्टन-कोच (स्वतः खेळणारा कॅप्टन अन् कोच एकच) म्हणून कार्लटन क्लबला गेला, मग 1968 चं विजेतेपद त्या खात्यात धरू का? अन् 7.14 (56) हा स्कोअर वाचायचा कसा?

जामठा_एंड: धरू नका भाऊ, आक्षेप येईल. मेलबर्नकडून खेळाडू म्हणून 6: 1955, 1956, 1957, 1959, 1960, 1964. शेवटच्या दोन वेळी तो कॅप्टन होता, पण कोच नॉर्म स्मिथ. उरलेली 4 निव्वळ कोच म्हणून: कार्लटन 1968 अन् 1970, नॉर्थ मेलबर्न 1975 अन् 1977. 1968 ची फायनल बरासी खेळलाच नाही, कॅप्टन जॉन निकोल्स होता. म्हणजे उत्तर शून्य! सामने 254: मेलबर्न 204, कार्लटन 50.

बिहाइंड_पोस्ट: स्कोअरचं सांगतो. आधी गोल, प्रत्येकी 6 गुण. टिंबानंतर बिहाइंड (गोल हुकून बाजूच्या खांबांतून गेलेला बॉल), प्रत्येकी 1. 42 अधिक 14, झाले 56. हाच 1968 च्या फायनलचा स्कोअर. एसेंडन 8.5 (53), म्हणजे एक गोल कमी मारून कार्लटन जिंकलं. मधल्या दोन उंच खांबांतून पायाने थेट मारला तर गोल. खांबाला चाटून गेला की बिहाइंडच. स्क्रीनवर कंसातला आकडा नक्की दाखवा, नाहीतर आपले क्रिकेटवाले 7.14 म्हणजे ओव्हर समजतील.

जामठा_एंड: कॅप्टन-कोचच हवा असेल तर निकोल्स घ्या. 1972 ची फायनल, कार्लटन 28.9 (177), रिचमंड 22.18 (150), त्यात निकोल्सचे स्वतःचे 6 गोल. नाहीतर अ‍ॅलेक्स जेसौलेंको, 1979: कॉलिंगवूडवर 82-77. कॅप्टन-कोच म्हणून विजेतेपद घेणारा तोच शेवटचा.

कॅप्टन-कोचचं काम मात्र भलतं अवघड. एका बाजूला 18 खेळाडू, मैदान दीडशे मीटरच्या पुढे लांब. स्वतः गर्दीत बॉलसाठी झटणाऱ्याला पलीकडच्या टोकाला कोणाचा माणूस मोकळा सुटला ते दिसत नाही. निकोल्सच्या वेळी बेंचवर दोघेच, अन् बाहेर काढलेला खेळाडू परत आत येत नसे. बदल चुकला की चुकला. आत-बाहेर करायची मुभा 1978 पासून मिळाली. जेसौलेंको तर 1979 च्या फायनलच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये दुखापतीने बाहेर गेला.

संत्रानगरी_क्विझ: मग जेसौलेंकोच घेतो. ‘एएफएलचा शेवटचा विजेता कॅप्टन-कोच कोण?’ असं चालेल?

बिहाइंड_पोस्ट: व्हीएफएल (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग) लिहा. या लीगचं एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) हे नाव 1990 पासूनचं.