चिंतनासाठी वर्षभर सुट्टी: राजीनामा की बिनपगारी रजा?

आकडेमोड:
"राजीनामा द्या, सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा, दहा दिवस इगतपुरीचं विपश्यना शिबिर, मग नर्मदा परिक्रमा, मग तत्त्वज्ञानाचं वाचन; वाट आपोआप सापडेल." या धाग्यावरचा कालचा हा सल्ला वाचून गप्प बसवेना. राजीनामा कशाला? आधी बिनपगारी रजा मागा. मंजुरी लेखी घ्या, परतायची तारीख आणि पद त्यात हवं. राजीनाम्यानं ग्रॅच्युइटीची 5 वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो. नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघाताशिवाय काही मिळत नाही आणि जुन्या दुखण्यांना 3 वर्षांपर्यंत थांबवतात, म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढायची. खर्च धरायचा 18 महिन्यांचा: 12 सुट्टीचे, 6 नोकरी शोधण्याचे, गृहकर्जाच्या हप्त्यासकट. हे न सांगता लोकांना नोकरी सोडायला लावणं बेजबाबदार आहे.

ओवीची वही:
हिशेब ठीक, पण वर्षभर करायचं काय? तिथेच बहुतेकांचं वर्ष वाया जातं. दहा पुस्तकं आणतात, प्रत्येकाची चाळीस पानं होतात. एकच ग्रंथ धरा. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे 9 हजार. रोज 30 घेतल्या तर 10 महिने. दुपारी त्यातला एकच प्रश्न स्वतःच्या शब्दांत पानभर लिहायचा. तेरावा आणि अठरावा अध्याय सर्वांत लांब, तिथे हमखास अडायला होतं. उरलेले दोन महिने त्यासाठीच ठेवा. आणि चिंतनाला वेळ देणं ही चैन नव्हे. अमळनेरला 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं ते अभ्यासकाला निवांत बसता यावं म्हणूनच. साने गुरुजीही तिथे होते.

आनापान:
इगतपुरीला वाचन-चिंतनाच्या यादीत कोणी घातलं? तिथे वाचायला-लिहायलाच बंदी आहे. पहाटे 4 ला घंटा, दिवसाला सुमारे 10 तास बैठक, पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना. दहाव्या दिवशी मौन सुटतं, निघायचं अकराव्या दिवशी सकाळी. म्हणजे रजा 12 दिवसांची हवी. विचार करायला जाणारा माणूस तिसऱ्या दिवशी बॅग भरतो, कारण तो चुकीच्या ठिकाणी आलेला असतो.

दक्षिणतट:
परिक्रमेचंही तसंच. एप्रिलमध्ये रजा सुरू करून कुठे चालणार? चातुर्मासात परिक्रमा थांबते, निघायचं कार्तिकी एकादशीनंतर. 2600 किलोमीटर, रोज 20 धरले तर 130 दिवस, मुक्काम वेगळे. मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला, पात्र ओलांडायचं नाही. फक्त मुखापाशी समुद्रातून पलीकडच्या तीरावर जायचं; विमलेश्वरहून मिठीतलाईला ती नाव भरतीवर सुटते, तिथे खोळंबा धरावाच लागतो. तेव्हा रजा ऑक्टोबरमध्ये सुरू करा.

रेवातीर:
एप्रिलवाल्यानं चैत्रातली उत्तरवाहिनी करावी, म्हणजे नर्मदा उत्तरेकडे वाहते तेवढ्याच पट्ट्याची छोटी परिक्रमा. रामपुरा ते तिलकवाडा, एका दिवसात होते.

दक्षिणतट:
उत्तरवाहिनीला परिक्रमा म्हणू नका! शास्त्रात 3 वर्षं 3 महिने 13 दिवस सांगितलेत.

रेवातीर:
मग तुमचे 130 दिवस कुठल्या शास्त्रातले? बसनं परिक्रमा करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची श्रद्धा मोजायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

दक्षिणतट:
श्रद्धा मोजलेली नाही, शब्द माझ्या तोंडी घालू नका. मुद्दा शरीराचा आहे. शूलपाणीची झाडी म्हणजे वाटेतलं डोंगराळ जंगल; तिथला चढ आणि प्रकाशा गावावरून जाणारी सडक यांत फरक आहे. सडकेच्या डांबरानं तळव्यांना फोड येतात, आठवड्यात चालणं अवघड होतं. पाठीवर 7 किलोंच्या वर नको, बूट आधी दोन महिने वापरून मऊ केलेले हवेत. 130 दिवस शास्त्रातले नाहीत, हे मान्य. पण एका दिवसाच्या चालण्यासाठी वर्षाची रजा लागत नाही, एवढं तुम्हीही माना.

रेवातीर:
तेवढं मानते. बाकीचं नाही.

आकडेमोड:
धागा रजेचा होता. प्राध्यापक मंडळींनी हे पाहावं: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत कायम, पूर्णवेळ शिक्षकाला सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून 7 वर्षांच्या सेवेनंतर एका वेळी एक वर्षापर्यंत आणि साऱ्या नोकरीत दोन वर्षांपर्यंत सबॅटिकल रजा मिळू शकते, तीही पगारी. पण अर्जात विषय आणि काम लिहावं लागतं, नुसतं 'चिंतन' चालत नाही. तिथे ओवीची वही यांचं बरोबर आहे, नाइलाजानं म्हणतो. एका ग्रंथाचा महिनावार आराखडा जोडला तर अर्ज उभा राहतो. खाजगी नोकरीत मात्र असा नियम नाही, तिथे माझी 18 महिन्यांची अट मी सोडणार नाही.

ओवीची वही:
सोडू नका. आराखड्यात तेराव्या आणि अठराव्या अध्यायासाठी ते उरलेले दोन महिने लिहा.