आज्जीचं जन्मसाल कसं ठरवावं?

येळ्ळूरची नात:
पुढच्या महिन्यात आज्जीचं वर्षश्राद्ध. फ्रेमवाला फोटोखाली घालायला जन्मसाल मागतोय आणि घरात कुणालाच ठाऊक नाही. आधारवर १ जानेवारी १९३४ आहे, पण ते अंदाजानं टाकलेलं. आज्जी म्हणायची, "टिळकवाडीत गांधीबाबा आले तवा मी पाळण्यात होतो की." साल कधी तिच्या तोंडी नसायचंच. लग्न कंट्रोलच्या तांदळावर झालं, गोव्यावर निघालेली मिल्ट्री बेळगावात बाजाराला गेल्यावर बघितली, असं सगळं.

तिच्या कुंद्याच्या जुन्या डब्यात थोरल्या काकांचा करदोडा सापडला. काळा दोरा, त्यात भोकाचा पैसा ओवलेला. घासल्यावर १९४४ दिसलं. यावरून काही ठरेल का?

निपाणीकर:
गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेस अधिवेशन टिळकवाडीत डिसेंबर १९२४ मध्ये भरलं. अध्यक्ष ते तेवढ्या एकाच अधिवेशनाचे होते. त्या वेळी पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे. म्हणजे आज्जींचं म्हणणं खरं धरलं तर जन्म १९२४ चा.

पैशावर मात्र भिस्त ठेवू नका. भोकाचे पैसे १९४३ ते ४७ पर्यंत निघाले, आणि जुना पैसाही करदोड्यात ओवतात. त्यावरून करदोडा १९४४ च्या आधी ओवलेला नाही, एवढंच कळतं.

खानापूरची सून:
काकांचा शाळेचा दाखला बघा ना. आमच्या सासूबाईंचं वय असंच थोरल्या दिरांच्या दाखल्यावरून काढलं.

येळ्ळूरची नात:
दाखला मिळाला! काका १९४६ चे. आधार खरं धरलं तर आज्जी बारा वर्षांची आई ठरते, आणि काकांच्या आधीचं एक मूल तिनं गमावलं होतं. ते तर शक्यच नाही. १९२४ धरलं तर सगळं जुळतं.

काल रात्रभर हाच हिशोब डोक्यात. ती मुंबई इलाख्यात जन्मली. १ नोव्हेंबर १९५६ ला गाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हा ती बत्तीस वर्षांची, पदरात चार पोरं. त्याच वर्षी १७ जानेवारीला बेळगावात गोळीबार झालेला. पुढं दर वर्षी त्या दिवशी ती सकाळीच तुळशीपुढं दिवा लावायची. १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झालं. ८६ च्या कन्नडसक्तीच्या आंदोलनातून बाबा पाठीवर लाठीचे वळ घेऊन आले, तेव्हा बासष्टाव्या वर्षी हळद-तेल कढवून तिनंच लावलं. नव्वदीत असताना बेळगावचं बेळगावी झालं. एवढ्यात तिनं घर बदललं ते एकदाच, लग्नाचं, तेही गावातल्या गावात. शेताचा उतारा कन्नडमध्ये यायला लागल्यावर ती तो माझ्याकडून वाचून घ्यायची आणि बांधांची नावं नीट येईपर्यंत सोडायची नाही.

फ्रेमवाल्याला १९२४ सांगितलंय. करदोडा काकांनी मागून घेतला.