मदत हवी आहे: 'कोलंबो' आडनावाचा उगम कसा शोधावा?

मैत्रिणीच्या सासरचं आडनाव कोलंबो. कुटुंब इटलीतल्या मिलानच्या उत्तरेकडच्या ब्रियांझा भागातलं. आडनावांच्या नकाशावर कोलंबो लोम्बार्दीतच (मिलानच्या प्रांतातच) दाटीने दिसतात, त्यामुळे प्रदेशाचा प्रश्न नाही. प्रश्न उगमाचा आहे. इटालियनमध्ये 'कोलंबो' म्हणजे कबुतर. मिलानच्या ओस्पेदाले माज्जोरे रुग्णालयाचं चिन्ह कबुतर, म्हणून तिथे सोडलेल्या बाळांना हे आडनाव मिळे (नेपल्समध्ये 'एस्पोझितो' तसंच). पण कोलंबो हे नुसतं टोपणनावही असू शकतं, आणि 'सगळे कोलंबो अनाथाश्रमातले' हे मला तरी पटत नाही.

'अंतेनाती' या सरकारी संकेतस्थळावर १८६९ ची विवाहनोंद मिळाली. नवऱ्यामुलाच्या वडिलांच्या नावाआधी 'फू' आहे, म्हणजे ते तेव्हा हयात नव्हते. नाव मात्र आहे, तेव्हा नवरामुलगा स्वतः सोडलेलं मूल नसावा. शोध त्याच्या वडिलांचा किंवा आजोबांचा. तिथेच अडलंय, कारण लोम्बार्दीत नेपोलियनचा काळ संपल्यापासून १८६६ पर्यंतच्या जन्मनोंदी चर्चकडेच.

इटालियन वाचता येतं, लॅटिन जेमतेम. मिलानला जाणं यंदा शक्य नाही. डीएनए चाचणी नको आहे, सासरच्यांना आवडणार नाही. गावाचं चर्च माहीत आहे, ईमेलला उत्तर आलेलं नाही.

असं काम कुणी केलं असेल तर सांगा: आधी चर्चच्या बाप्तिस्मा नोंदींमागे लागावं, की मिलानच्या सोडलेल्या मुलांच्या दप्तरात थेट नावावरून शोध मागावा? आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत 'आईवडील अज्ञात' याशिवाय मूल रुग्णालयातून गावात सांभाळायला दिलं होतं हे कशावरून ओळखायचं?