तुतू, टूटू की त्युत्यू? (घागरा तर नक्कीच नाही)

पानाफुली:
मुलांच्या एका मासिकासाठी एमा लिव्रीवरचा लेख मराठीत करते आहे. पॅरिस ऑपेरातली बॅले नर्तिका. नोव्हेंबर १८६२ मध्ये रंगीत तालमीला तिच्या कपड्यांनी गॅसच्या दिव्यावर पेट घेतला, आठ महिने अंथरुणाला खिळून ती विसाव्या वर्षी गेली. मी लिहिलं, 'तिच्या तुतूने पेट घेतला.' (तुतू म्हणजे बॅले नर्तिकेचा जाळीदार, घेराचा स्कर्ट.) संपादकबाई म्हणाल्या, मुलं फिदीफिदी हसतील, घागरा करा. घागरा म्हटलं की मला गरबा दिसतो. काय करू?

खापरपोळी:
झगा. विषय संपला.

पानाफुली:
झगा गळ्यापासून सुरू होतो हो. हा कमरेपासून.

दीर्घऊकार:
आधी लेखन ठरवा. शेवटचा ऊकार दीर्घ, त्याच्या आधीचा ऱ्हस्व, म्हणून 'तुतू'. गुरू, सुरू तसं. 'टूटू' वाचलं की रिक्षाचा भोंगा ऐकू येतो.

फ्रेंच_अर्धवट:
फ्रेंचमध्ये आपला 'ट' नाहीच, तेव्हा 'त' बरोबर. पण स्वर 'ऊ' नाही. ओठ 'ऊ'चे करायचे आणि जीभ 'ई'ची ठेवायची. आमच्या बाई आख्ख्या वर्गाला शिट्टी वाजवायला लावायच्या आणि तोंड तसंच ठेवून बोला म्हणायच्या. कागदावर 'त्युत्यू'च्या जवळ जातं. आता गंमत ऐका. फ्रेंचमध्ये ढुंगणाला 'क्यू' म्हणतात (लिहिताना शेवटी ल असतो, तो गिळायचा). लहान मुलांच्या बोलीत त्याचं 'क्युक्यू' झालं आणि त्याचं 'त्युत्यू', अशी व्युत्पत्ती कोशात देतात. म्हणजे मंमं, भूभू, दुदूच्या पंगतीतला शब्द. काही जण जाळीच्या 'त्यूल' कापडाशी नातं जोडतात, पण मला पहिलीच पटते.

खापरपोळी:
शेवटी ल? म्हणजे 'कुल'? आणि आपला कुल्ला!! मी केव्हापासून म्हणतोय, या भाषा आतून एकच आहेत.

फ्रेंच_अर्धवट:
त्यांचा लॅटिन 'कुलुस'वरून आला. दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणून त्यांची सोयरीक होत नाही.

खापरपोळी:
सोयरीक नसेल, पण शेजार आहे.

उंबराचंफूल:
मूळ वाक्यातच घोळ आहे. 'तुतू' हा शब्द छापील फ्रेंचमध्ये १८८१ च्या आसपास दिसतो. लिव्री गेली १८६३ साली. तिच्या हयातीत त्याला साधा स्कर्टच म्हणत असणार. तेव्हा 'तुतूने पेट घेतला' हे मराठी म्हणून चुकलं नाही, कालगणनेत चुकलं. आणि हसण्याचं म्हणाल, तर शब्द जन्मापासूनच हसण्यावारी आहे. नेमका मृत्यूच्या वाक्यात तो नको, इतकं मला संपादकबाईंचं पटतं.

कच्चाटाका:
मी शाळांच्या गॅदरिंगला ड्रेपरी पुरवते, म्हणून बोलते. तुमच्या डोळ्यांपुढे जो ताटासारखा आडवा तुतू आहे तो नंतरचा. लिव्रीचा लांब, पोटरीपर्यंतचा, घंटेसारखा. मारी ताल्योनी या नर्तिकेने १८३२ मध्ये 'ला सिल्फिद' या बॅलेमध्ये घातला तो घाट. तो घेर खालीच पडतो, म्हणून घागरा अगदीच चूक नाही. आखूड करण्याची टूम पुढे इटालियन नर्तिकांनी आणली, पाय दिसायला हवेत म्हणून.

आडवा मी एकदाच शिवलाय. निकरवर खालून वर एकेक झालर लावत जायचं. सगळ्यांत खालची जेमतेम चार बोटं, मग वाढत वाढत दहा-बारा थर, मधल्या एका थरात पोलादी तारेचं कडं. मग सगळे थर कच्च्या टाक्यांनी एकमेकांत सैलसर गुंतवायचे. ओढून टाका घातला की मेला, बसलाच खाली. माझा पहिला बसला. पोर स्टेजवर आली ती शिळ्या धिरड्यासारखा घेर लोंबत. ठेवतानाही उलटा टांगायचा.

दीर्घऊकार:
मग मराठी शब्द का नको? 'दिग्दर्शक', 'महापौर' यांनाही लोक आधी हसलेच होते. मी सुचवतो: 'जालपरकर'.

खापरपोळी:
कोळणीचा का?

पानाफुली:
आणि क्रियापद? परकर नेसतात, झगा घालतात.

कच्चाटाका:
पाठीमागे हुक असले की घालतात. नाडी असली की नेसतात. 😀 आम्ही दुकानात त्याला 'कॅनकॅनचा फ्रॉक' म्हणतो. कॅनकॅन म्हणजे घागऱ्याच्या आत लावतात ती कडक जाळी.

फ्रेंच_अर्धवट:
अहो, कॅनकॅन हा पॅरिसचा नाच! लाथा उडवत, स्कर्ट फडकवत करायचा. आपण नाचाचं कापड करून टाकलं.

उंबराचंफूल:
पोलकंसुद्धा तसंच. पोल्का नाचाची युरोपात साथ आली, त्या नावाची जाकिटं निघाली, आपल्याकडे पोलकं झालं.

दीर्घऊकार:
पुरावा? माझी आजी नऊवारीवर पोलकं घालायची आणि तिला पोल्का ठाऊक नव्हता.

उंबराचंफूल:
बटाटा पोर्तुगीज आहे हे तरी ठाऊक होतं का?

पानाफुली:
विषयावर येऊ का? लिव्रीची खरी गोष्ट निराळीच आहे. आग लागू नये म्हणून तुरटीसारख्या द्रावणात बुडवलेले स्कर्ट तेव्हा मिळत होते. ते कडक आणि पिवळट व्हायचे, म्हणून तिने ते घालायला नकार दिला. त्याआधी दोनच वर्षं ताल्योनीने तिच्यासाठी बॅले बसवला होता, त्यात ती मशालीकडे झेपावणारं फुलपाखरू. तिच्या जळक्या कपड्यांच्या चिंध्या ऑपेराच्या संग्रहालयात अजून जपून ठेवल्या आहेत. त्या चिंध्यांना घागरा म्हणवत नाही, एवढंच माझं म्हणणं.

कच्चाटाका:
आई गं. कडक कापड गिरकीला उठत नाही, हे मात्र खरं. मीही नेट धुऊन खळ काढते.

पानाफुली:
कळवते, अंक छापायला गेला. बाईंनी 'पांढरा पोशाख' केलं.

दीर्घऊकार:
पोशाख फारसी.

खापरपोळी:
आणि पोलकं?

उंबराचंफूल:
पोलक्यासाठी वेगळा धागा काढतो. आज्यांना आणू नये.