सुपरवायझर झाल्यापासून पोरं बोलेनाशी झालीत, काय चुकतंय?

भोसरीवाला:
नमस्कार मंडळी, लांबलचक आहे, सांभाळून घ्या. एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या कंपनीत ८ वर्षं सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) होतो, आधी ऑपरेटर मग सेटर (मशीन जुळवून देणारा), आणि दिवाळीनंतर साहेबांनी शिफ्ट सुपरवायझर केलं. हाताखाली १४ पोरं, त्यातली ९ कंत्राटी. आधी यांच्याच डब्यात जेवायचो, आता मी कँटीनला गेलो की टेबल गप्प. मागच्या महिन्यात दोघं उशिरा आले तर गेटवरून परत पाठवले, एकाला मेमोपण दिला. टार्गेट निघतंय, उलट वाढलंय, पण रिजेक्शनपण (नापास पीस) वाढलंय आणि तीन पोरं सोडून शेजारच्या कंपनीत गेली, तिथं जेमतेम हजार रुपये जास्त आहेत. साहेब म्हणतात ढिला पडलास की डोक्यावर बसतील. मग कडक राहायचं की नाही? की कामावर खूश वगैरे कोणी नसतंच, सगळे पगारासाठी येतात?

जुना_फोरमन:
रिजेक्शन का वाढलं हे तुला कळायला पाहिजे, सेटर होतास ना. आधी बोअर (पीसमधलं भोक) मापापेक्षा मोठा लागला की पोरगं तुला हाक मारायचं, तू मशीनचा ऑफसेट (टूलच्या मापाची सेटिंग) बघायचास, दोन पीस गेले तर गेले. आता तेच पोरगं मेमोच्या भीतीनं पीस बिनमध्ये खाली दडपतं आणि मशीन चालूच. मी असाच कडक होतो, माझ्या लाइनवरचे असे दडपलेले पीस थेट कस्टमरकडे गेले, तिथून डेबिट (खराब मालाचे पैसे कापल्याची नोट) आला आणि मग साहेबानं माझी जी काढली ती अख्ख्या शॉपनं ऐकली. त्या पोराला विचारलं सांगितलं का नाहीस, तर म्हणतो तुम्ही कुठं ऐकून घेता.

मीनल_एचआर:
एमबीएला शिकलेली एक गोष्ट इथे अगदी फिट बसते. फ्रेंच आणि रेव्हन म्हणून दोघांनी १९५९ मध्ये सत्तेचे ५ प्रकार सांगितले, शिक्षेची, बक्षिसाची, पदाची, जाणकारीची आणि माणूस आवडतो म्हणून त्याचं ऐकण्याची. नंतर रेव्हननी माहितीची सत्ता असा सहावा जोडला. त्यानंतर यावर भरपूर अभ्यास झाले आणि साधारण हेच दिसत आलंय की जाणकारी आणि आवड यांच्यावर चालणाऱ्या साहेबाखाली लोक जास्त समाधानी असतात, शिक्षेच्या धाकाखाली कमी, बाकीच्यांचं कुठे असं कुठे तसं. गंमत म्हणजे शिक्षा, बक्षीस आणि पद हे तिन्ही कंपनी लेटरसोबत देते आणि काढूनही घेते. जाणकारी तर तुमच्याकडे ८ वर्षांची आहे, ती सोडून मेमोबुक का हातात घेतलंत? (आमच्या डिपार्टमेंटलाही मेमो फार आवडतात हे मान्य.)

सेकंड_शिफ्ट:
मॅडम थिअरी ठीक आहे पण आम्हा कंत्राटी लोकांना विचारा ना. ओटीला (ओव्हरटाइमला) कायद्यानं दुप्पट दर, आम्हाला मिळतो सिंगल, आणि तेवढ्यासाठीपण कोणाला थांबवायचं ते सुपरवायझरच्या हातात, म्हणजे जो चहा आणतो त्याला. बहिणीच्या साखरपुड्याला दोन दिवस सुट्टी मागितली तर पंधरा दिवस नुसतं बघू बघू, आणि आदल्या रात्री १० वाजता फोन करून नाही म्हणाला. आधीच नाही म्हणाला असता तर मी कोणाशी शिफ्ट बदलून घेतली असती. शिव्यांचं काही वाटत नाही हो, शॉपवर सगळेच देतात. मी पण हजार रुपयांसाठी कंपनी सोडली असंच सगळ्यांना सांगितलंय, खरं कोण सांगतं.

पिंपरीचा_पाव्हणा:
त्याला एकदम संत करू नका. मी मवाळ राहिलो होतो, थर्ड शिफ्टला पोरं पुठ्ठे टाकून झोपायची आणि शिव्या मी खायचो. उशिरा आला तर पाठव परत, पण मग सगळ्यांनाच. तुमच्याकडे सगळ्यांनाच पाठवतात का?

भोसरीवाला:
पाव्हणं, बरोबर जागी बोट ठेवलंत. त्या दिवशी नाशिक फाट्याला ट्रॅफिक होतं, तिघं उशिरा आले होते, दोघं नाही. तिसरा साहेबांच्या गावचा, त्याला मी आत घेतला. वर लिहिताना ते गाळलं. आणि तिथं लाइनवरच्या सगळ्यांनी बघितलंय.
फोरमनकाका, बिन उद्याच खालपर्यंत उपसून बघतो. ओटीची यादी आठवडाभर आधी बोर्डावर लावणं माझ्या हातात आहे, ते करतो. मेमो मागं घ्यायचा तर साहेबांकडं जावं लागेल आणि त्या तिसऱ्याचा विषय निघणार, तिथं माझी फाटतेय खरं.

जुना_फोरमन:
फाटू दे, पण जा. आणि उद्या कँटीनला डबा घेऊन जा, ताट घेऊन साहेबांच्या टेबलावर बसू नको.

भोसरीवाला:
ते पण कळलं का तुम्हाला 😅