मदत हवी आहे : टाकळ्याच्या दोन जाती फुलण्याआधी कशा ओळखाव्यात?

बियाणं वेगळं राखायचं आहे, म्हणून सेन्ना टोरा आणि सेन्ना ऑब्टुसिफोलियाची रोपं आधीच निवडायला हवीत. पर्णिकांच्या (एका पानातल्या छोट्या पानांच्या) तीन जोड्या दोघांतही. टोरात खालच्या दोन जोड्यांमध्ये एकेक ग्रंथी (बारीक गाठ) असते, ऑब्टुसिफोलियात बहुधा फक्त सर्वांत खालच्या जोडीत. शेंगेचा देठ टोरात सेंटिमीटरहून आखूड, दुसऱ्यात त्याहून बराच लांब. पण तोवर फार उशीर होतो.

कोवळ्या पानांवर ग्रंथींची खूण भरवशाची आहे का? किती पानं तपासावीत? खोडाच्या कितव्या पेऱ्यापासून?

कासविंदा (टाकळ्यासारखंच दिसणारं, सेन्नाच्याच कुळीचं झाड) यात नाही. त्याच्या पर्णिका टोकदार, ग्रंथी पानाच्या देठाच्या तळाशी. त्याचं बी विषारी असल्याने ती रोपं आधीच उपटतो. भिंगातून काढलेले ग्रंथींचे फोटो असतील तर कृपया टाका.